बरा झालो, पुढे काय?

हॉस्टेलच्या प्रवेशअर्जाच्या दुसऱ्या पानावर खालून तिसरा रकाना आठवतोय का कुणाला? 'यापूर्वी कोणताही मोठा आजार अथवा शस्त्रक्रिया झाली आहे काय? असल्यास तपशील.' नसणारच आठवत. आपण तो वाचतच नाही. रांगेत पुढच्याने 'नाही' लिहिलेलं दिसतं, आपणही 'नाही' लिहितो, फोटो चिकटवतो आणि खिडकीशी जाऊन उभे राहतो. मीही तेच केलं. फरक इतकाच की माझं 'नाही' खोटं होतं. ते लिहिण्याआधी मी क्षणभर थांबून मागे उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "नाही लिही रे. कशाला उगाच."

मला सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता. पूर्ण नाव ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. २०१० ते २०१३, जवळजवळ अडीच वर्षं उपचार चालले. मग डॉक्टरांनी आईबाबांना सांगितलं, मुलगा बरा झाला. आम्ही गावी आलो, पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून घरात तो विषय बंद झाला. इतका बंद की मला स्वतःला मोठा होईपर्यंत 'लहानपणी ताप येत होता खूप' एवढंच तोंडपाठ होतं.

आज मी बरा आहेच. हा लेख रडगाणं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण 'बरा झाला' ह्या दोन शब्दांवर आपण फाईल बंद करतो, ते चुकीचं आहे असं माझं मत झालंय. ते का झालं, ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगमधली दहा-बारा पोरं राजगडला गेली होती. पाली दरवाज्याच्या पायऱ्या चढताना मला धाप लागली. साधी नाही, बसावं लागेल अशी. छाती धडधडत होती. सगळे पुढे गेले, रूममेट थांबला. "काय रे, सिगारेट चालू केलीस का गुपचूप?" म्हणाला. मी म्हटलं सर्दी आहे. परत आल्यावर लॅबमध्ये बसून सहज शोधत गेलो की लहानपणी ल्युकेमियाची औषधं घेतलेल्यांना पुढे काय होऊ शकतं. त्या रात्री झोप लागली नाही. पुढचे चार महिनेही धड लागली नाही. एम थ्रीची केटी त्याच सेमिस्टरची, हे माझ्या मार्गदर्शक सरांना ह्या लेखातूनच कळेल.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत कुणाला न सांगता एका हृदयरोगतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी टू-डी इको केला. पडद्यावर हृदय हलताना पाहिलं आणि घाम फुटला. डॉक्टरांनी विचारलं, "केमो झालीय म्हणतोस, कुठली औषधं दिली होती?" मी म्हटलं, "माहीत नाही सर. सलाईनमधून लाल रंगाचं काहीतरी द्यायचे." "किती? एकूण डोस किती झाला?" मी गप्प. "छातीला, डोक्याला शेक दिला होता का?" मी पुन्हा गप्प. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "इंजिनिअरिंगला आहेस ना? मशिनचं हिस्ट्री कार्ड नसेल तर मेंटेनन्सवाल्याने काय करायचं?"

इको चांगला निघाला. धाप लागण्याचं कारण एवढंच होतं की दोन वर्षांत हॉस्टेलचा जिना सोडून मी काहीच चढलो नव्हतो. पण ते हिस्ट्री कार्डाचं वाक्य डोक्यात बसलं.

घरी गेल्यावर आईकडे फाईल मागितली. ती देवघराच्या बाजूच्या फडताळात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवलेली होती. आई म्हणाली, "ते सगळं संपलंय रे बाबा, कशाला उकरतोस." दिली मात्र तिने. हातात देऊन स्वयंपाकघरात निघून गेली.

फाईलमध्ये डिस्चार्ज कार्डं होती, रक्ताचे रिपोर्ट होते, एसटीची काही तिकिटंही होती. लाल औषधाच्या पाच नोंदी सापडल्या, प्रत्येकी १८ मिलिग्रॅम. नाव डॉक्सोरुबिसिन. आता केमोचा डोस मिलिग्रॅममध्ये नुसता सांगत नाहीत, शरीराच्या पृष्ठफळाच्या चौरस मीटरला इतका असा सांगतात. पृष्ठफळ काढायचं मोस्टेलरचं सूत्र १९८७ सालचं आहे आणि आपल्याला लाज वाटावी इतकं सोपं आहे. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोमध्ये, गुणाकार करा, ३६०० ने भागा, वर्गमूळ काढा. माझी तेव्हाची उंची ११० सें.मी., वजन १८ किलो. उत्तर ०.७४ चौरस मीटर. पाच वेळा अठरा म्हणजे ९०, भागिले ०.७४, म्हणजे साधारण १२०. माझ्या हृदयाने सहाव्या-सातव्या वर्षी पचवलेला एकूण डोस चौरस मीटरला १२० मिलिग्रॅम. वीस वर्षांचा झाल्यावर मला माझा हा आकडा पहिल्यांदा कळला, आणि तोही कॅल्सीवर.

ह्या आकड्याला महत्त्व का, ते आता थोडं नीट सांगतो.

डॉक्सोरुबिसिन ज्या गटातलं आहे त्या औषधांना अँथ्रासायक्लिन म्हणतात. हे औषध इटलीत सापडलं, तिथल्या एका किल्ल्याजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून. एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं पहिलं नाव एड्रियामायसिन. अनेक मुलांचे जीव ह्याने वाचवले आहेत. पण ते हृदयाच्या स्नायूच्या पेशींनाही इजा करतं, आणि ह्या पेशी त्वचेसारख्या नव्याने भराभर तयार होत नाहीत. लहान मुलाच्या बाबतीत अडचण अशी की शरीर पुढे दुप्पट-तिप्पट वाढतं, हृदयाला मात्र उरलेल्या पेशींवर भागवावं लागतं. भिंती पातळ राहतात. बहुतेकांना काही होत नाही. काहींचं हृदय पंधरा-वीस वर्षांनी थकायला लागतं, तेही आधी काही लक्षण न दाखवता. एकूण डोस २५० च्या वर गेला की धोका खूप वाढतो. त्याखाली तो कमी असतो, पण शून्य नसतो. अगदी लहान वयात औषध मिळालं असेल किंवा छातीला रेडिएशनही दिलं असेल, तर आणखी वाढतो.

डिझाईनच्या पेपरात आपण मायनरचा नियम घोकतो. प्रत्येक ताणचक्राने सुट्या भागाच्या आयुष्याचा थोडा वाटा खर्च होतो, सगळ्या वाट्यांची बेरीज एक झाली की भाग तुटतो. तसंच काहीसं इथे आहे. फक्त नमुना टेस्टिंग मशिनवरच तुटतो, आणि इथे मशिन बंद होऊन पंधरा वर्षं झाल्यावर, नोकरी लागलेली असताना, कधी बाळंतपणात, तडा दिसतो. म्हणून तर वेळच्या वेळी इको करायचा. जास्त डोसवाल्यांनी दोन वर्षांनी, माझ्यासारख्या मधल्या डोसवाल्यांनी पाच वर्षांनी, असं साधारण आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. मी मधल्या गटात बसतो की वरच्या, हे तो आकडा सांगतो. आकडा नसेल तर सगळाच अंदाजपंचे कारभार.

आणि हृदय हा एकच भाग झाला. आपल्या हॉस्टेलसमोरच्या वाफ्यात सदाफुली लावली आहे ना, त्याच झाडापासून व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध निघतं. (खाऊन बघू नका, झाड विषारी आहे.) ल्युकेमियात ते जवळजवळ सगळ्यांना देतात. त्याने हातापायांच्या नसांना इजा होते. बऱ्याचदा ती भरून येते, काहींच्या बोटांना थोडा बधिरपणा राहतो. मला अजून ड्रॉइंगला पेन्सिल धरताना करंगळीकडचा भाग थोडा परका वाटतो. स्टेरॉईडमुळे काहींची हाडं, विशेषतः खुब्याची, खराब होतात. सिस्प्लॅटिन हाडाच्या आणि यकृताच्या काही कॅन्सरना देतात. त्याने कानातल्या ज्या पेशी उंच स्वर टिपतात त्या मरतात, आणि त्या परत येत नाहीत. असा मुलगा 'ऐकू येतं' म्हणतो, कारण आवाज येतोच. पण स, श, थ, फ ही अक्षरं त्याला नीट वेगळी लागत नाहीत. शेवटच्या बाकावर बसला तर अर्धं लेक्चर गेलं. आपण त्याला ढ म्हणतो.

डोक्याला रेडिएशन दिलेल्यांचं आणखी वेगळं. हुशारी असते, पण वेग कमी पडतो. वाचायला वेळ लागतो, तीन तासांचा पेपर तीन तासांत होत नाही. काहींची उंची राहते, कारण मेंदूच्या तळाची वाढीची ग्रंथी कमी काम करते. छातीला मोठ्या मात्रेत रेडिएशन मिळालेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. त्यांची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षी किंवा रेडिएशननंतर ८ वर्षांनी, ह्यातलं जे उशिरा येईल तेव्हापासून दरवर्षी करावी असं सांगतात. आता मला सांगा, ज्या मुलीला घरच्यांनी 'तुला लहानपणी गाठ आली होती' एवढंच सांगितलंय, ती २५ व्या वर्षी कुठल्या डॉक्टरकडे जाऊन काय म्हणणार आहे?

मूल होण्याचा प्रश्नही असतो. सायक्लोफॉस्फामाईडच्या गटातली औषधं जास्त मात्रेत मिळाली असतील तर काहींना अडचण येते. अनेकांना येत नाही. आणि आनुवंशिक प्रकारचे थोडे कॅन्सर सोडले तर त्यांची मुलं इतरांसारखीच निरोगी जन्मतात. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे स्थळ बघताना ह्यावर कुजबूज होते आणि त्या कुजबुजीला कुणी आकड्याने उत्तर देत नाही.

आकडेच द्यायचे तर अमेरिका-कॅनडात १९९४ पासून एक मोठा अभ्यास चालू आहे. लहानपणी कॅन्सर झालेल्या आणि पाच वर्षांहून जास्त जगलेल्या हजारो लोकांना त्यांनी वर्षानुवर्षं प्रश्नावल्या पाठवल्या. तुलनेला त्यांचीच सख्खी भावंडं घेतली. ही मला फार आवडलेली गोष्ट, म्हणजे घर तेच, खाणं तेच. २००६ साली त्यांनी १०,३९७ जणांचा हिशेब मांडला. ६२.३ टक्के लोकांना निदान एक तरी जुनाट आजार होता. २७.५ टक्के लोकांचा आजार गंभीर किंवा जिवावर बेतणारा होता. तसा गंभीर आजार असण्याचं प्रमाण भावंडांच्या आठ पट.

घाबरू नका. मी घाबरलो होतो, म्हणून सांगतो. हे लोक १९७० ते १९८६ मध्ये निदान झालेले, तेव्हाच्या जबर उपचारांचे. आणि खरी बातमी पुढे आहे. हा हिशेब ठेवला म्हणून उपचार बदलले. मेंफिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने ल्युकेमियात डोक्याला रेडिएशन द्यायची पद्धत रुळवायला हातभार लावला होता, आणि त्यामुळेच असंख्य मुलं वाचली होती. त्याच रुग्णालयाने २००९ साली दाखवून दिलं की औषधं नीट योजली तर ते रेडिएशन अजिबात न देताही मुलं बरी होतात. सिस्प्लॅटिननंतर काही तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलं तर श्रवणदोषाचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर येतं, हे यकृताच्या कॅन्सरच्या मुलांवरच्या २०१८ च्या चाचणीत दिसलं. सोडियम थायोसल्फेट म्हणजे आपला फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमधला टायट्रेशनचा हायपो! आणि त्या मोठ्या अभ्यासातच २०१६ साली निघालं की बरं झाल्यानंतर उपचारांच्या उशिरा येणाऱ्या परिणामांनी वगैरे होणारे मृत्यू, १९७० च्या सुरुवातीला आजार झालेल्यांत १५ वर्षांत ३.५ टक्के होते, ते १९९० च्या सुरुवातीच्यांत २.१ वर आले. कुणीतरी बऱ्या झालेल्या माणसांचा पाठपुरावा सोडला नाही, म्हणून हे घडलं. 'बरा झाला, जा घरी' म्हणून फाईल बंद केली असती तर पुढच्या पिढीलाही तोच मार बसला असता.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ह्यातलं काहीही वाचून कुणी आपल्या घरातल्या, नात्यातल्या मुलाचे उपचार थांबवायचा विचारही करू नये. उपचार न केलेला हा आजार काही महिन्यांत मुलाला संपवतो. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बरनी अमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा आजार पहिल्यांदा थोडे दिवस का होईना मागे हटवला, तोपर्यंत ह्यावर औषधच नव्हतं. ते औषध बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. (आपल्या किती जणांना हे नाव माहीत आहे? मलाही नव्हतं.) श्रीमंत देशांत आज कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडचं पहिलं दुखणं अजूनही हेच आहे की मुलं वेळेवर पोचत नाहीत, पैसे संपले की उपचार अर्धवट सुटतात. त्यात हे 'पुढे काय' चं लफडं म्हणजे चैनीचा प्रश्न, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. जितकी मुलं वाचतील तितके आमच्यासारखे वाढणार. आम्ही इंजिनिअरिंगला येणार, नोकरीला लागणार, लग्नं करणार. तयारी नंतर कधीतरी करायची नसते.

आणि आपल्याकडे कुणी विचारच केला नाही असंही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं 'ॲक्ट' क्लिनिक आहे. जगात हा विषय नवा असताना ते सुरू झालं. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या तरुणांचा 'उगम' नावाचा गट २००९ पासून आहे. ही मुलं नव्याने आजारी पडलेल्या मुलांच्या आईवडिलांना जाऊन भेटतात. पण माझ्यासारखे, जे लहान शहरात बरे झाले आणि घरच्यांनी फडताळात बंद करून ठेवले, ते ह्यातल्या कशापर्यंत पोचतच नाहीत.

आईबाबांना मी दोष देत नाही. मी शाळेत परत गेलो तेव्हा डोक्यावर केस नव्हते. एका मुलाच्या आईने येऊन त्याची जागा बदलून घेतली, लागण होईल म्हणून. कॅन्सर लागत नाही हे बाबा तीन जणांना समजावून सांगून दमले, मग त्यांनी समजावणं सोडलं आणि सांगणंच बंद केलं. त्यांच्या जागी मी असतो तर वेगळं वागलो असतो का? शंका आहे.

पण लपवण्याचा हिशेब शेवटी मुलाला चुकवावा लागतो. आपल्या एन.एस.एस.चं रक्तदान शिबिर दरवर्षी होतं. ल्युकेमिया होऊन गेलेल्या माणसाला रक्तदान करता येत नाही, कधीच. पहिल्या वर्षी मी कावीळ झाली होती म्हणालो, दुसऱ्या वर्षी गावी पळालो, ह्या वर्षी कॉमन रूममध्ये माझं नाव 'सुईभित्रा' पडलंय. मला सहा वर्षांचा असताना पाठीच्या मणक्यात किती सुया टोचल्या त्याची नोंद फाईलमध्ये आहे. असो.

रूममेटला मात्र इकोनंतर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि मी तुला वीस लिटरचा जार वर आणायला लावतो रोज." मी म्हटलं, अरे, जार चालतो. व्यायाम चांगलाच आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. ताकद लावून जडजड वजनं मारायची असतील तर मात्र आधी विचार म्हणालेत. रक्तदाब तपासत राहा, वजन वाढू देऊ नको, तंबाखूच्या जवळ जाऊ नको. रक्तदाब वाढलेला असेल तर अशा हृदयाचा धोका कितीतरी पटीने वाढतो, आणि तो ताब्यात ठेवणं आपल्या हातात असतं. तेव्हापासून तो मला टपरीवर उभंही राहू देत नाही. हा एक नवीनच ताप झाला.

आता मूळ रकान्याकडे येतो. तो प्रश्न विचारूच नका असं मी म्हणत नाही. उलट विचारा. उद्या रात्री दोनला एखाद्याची छाती दुखली तर त्याला घेऊन जाणाऱ्याला काही तरी माहीत हवं. पण विचारण्याची एक रीत असते. आज तो अर्ज उघड्या टेबलावर भरला जातो, मागचे चार जण वाचतात, खिडकीतले काका वाचतात, रेक्टर सरांच्या कपाटात तो पडून राहतो. त्याचं पुढे काय होतं, कोण बघतं, कुणालाच माहीत नाही. अशा कागदावर कोण खरं लिहील? माझं म्हणणं, हे एक पान वेगळं करा, बंद पाकिटात घ्या, आणि ते फक्त आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे जाऊ द्या. प्रश्नही बदला. 'मोठा आजार झाला आहे काय' ह्याऐवजी 'तुम्हाला ठराविक काळाने कुठली तपासणी करून घ्यावी लागते काय, आणि आणीबाणीत आम्हाला काय माहीत असायला हवं' असं विचारा. ह्याचा उपयोग दम्याच्या, फिटच्या, मधुमेहाच्या पोरांनाही होईल, आणि अशी पोरं प्रत्येक मजल्यावर आहेत. तपासणीला गेलेला दिवस हजेरीच्या ७५ टक्क्यांत कापू नका. ज्याला ऐकू कमी येतं त्याला पुढचा बाक आणि ज्याला वेळ लागतो त्याला पेपरला जादा वेळ मागता यावा, कारण चारचौघांत न सांगता.

आणि जे माझ्यासारखे आहेत (कॉलेजात मी एकटाच असेन असं मला वाटत नाही) त्यांना एवढंच सांगायचंय. ह्या सुट्टीत घरी गेलात की फाईल मागा. नसेल तर जिथे उपचार झाले तिथे लेखी अर्ज द्या, जुन्या नोंदी मिळतात का बघा. एका पानावर उतरवून घ्या. आजार काय, साल काय, कुठली औषधं, एकूण किती, रेडिएशन कुठे आणि किती, शस्त्रक्रिया कुठली. डॉक्टरकडून तपासून घ्या, माझ्यासारखी नुसती कॅल्सीवर मदार ठेवू नका. त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आई रागावेल, रडेल कदाचित. माझी रडली. मग रात्री जेवताना तिने आपण होऊन सांगितलं की लाल औषध चढवायचे त्या दिवशी मी त्याला 'रसना' म्हणायचो आणि तिला हसू यायचं. चौदा वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती.

फ्रान्समध्ये २०१६ साली एक कायदा झाला. कॅन्सरचे उपचार संपून ठराविक वर्षं लोटली की कर्जाचा विमा काढताना तो आजार सांगायची गरज नाही. २०२२ मध्ये ती मुदत सगळ्यांसाठी पाच वर्षं केली. त्याला ते विसरले जाण्याचा हक्क म्हणतात. म्हणजे डॉक्टरला सगळं सांगायचं आणि विमावाल्याला सांगायला नकार द्यायचा, दोन्ही एकाच वेळी करता येतं. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे ऑफर लेटरच्या शेवटी 'वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरल्यास' अशी एक ओळ असते आणि त्या ओळीचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा असतो.

हा लेख संपादकांच्या हाती देताना त्यांनी विचारलं, नाव टाकायचं ना? दोन दिवस विचार केला. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तुझं तू ठरव, पण कंपन्या कधी येतायत?" पुढच्या सत्रात येतायत. म्हणून खाली नाव नाही. वरचं सगळं लिहूनसुद्धा नाही. नोकरी लागली की पुढच्या अंकात टाकेन, संपादक मंडळाने जागा राखून ठेवावी.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी